हॅलोकाकांचा उलटा हात

हॅलोकाकांचं खरं नाव दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं, वीजबिलावर आणि दवाखान्याच्या फाइलवर. बाकी सगळ्या जगाला ते हॅलोकाका. पस्तीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांच्या माईकमध्ये "हॅलो, हॅलो, वन, टू" एवढंच बोलत आला, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्या "टू"च्या पुढे ते कधी गेले नाहीत. एकदा एका सभागृहाच्या मॅनेजरने विचारलं, "काका, थ्री का नाही म्हणत?" तर म्हणाले, "थ्री म्हणायला गायक येतात. मी हमाल माणूस."

हमाल कसले! आवाजाच्या धंद्यात त्यांचा शब्द शेवटचा होता. कार्यक्रम सहाचा असला की हे दीडला हजर. गायक मंडळी साडेपाचला डोळे चोळत उगवणार आणि वर "मला माझाच आवाज ऐकू येत नाही हो" म्हणून नाक मुरडणार, हे सगळं धरूनच त्यांचं काम चालायचं. एकेक केबल हातातून सरकवून बघायची, एकेक प्लग हलवून बघायचा, प्रत्येक माईकमध्ये तेच ठरलेले शब्द. त्यांच्या केबलवर कुणी पाय दिला तर त्याची खैर नसे. "पाय काढ! पायपुसणं आहे का ते?" मग तो पाय नावाजलेल्या गायकाचा असो की खुर्च्या पुसणाऱ्याचा.

सगळं झालं की शेवटी एक तपासणी असायची, आणि ती बघायला लोक हातातलं काम टाकून थांबायचे. गाणारा इलेक्ट्रिक गिटार वाजवत गाणार असेल तर काका ती गिटार आधी स्वतःच्या गळ्यात अडकवायचे. डाव्या मुठीत तारा धरायचे आणि उजव्या हाताची उलटी बाजू, बोटांच्या पेरांची, माईकच्या जाळीला टेकवायचे. विजेने माणसाची मूठ आवळते. तळव्याने धरलं तर हात तिथेच चिकटतो, सुटता सुटत नाही. उलटा हात लावला तर झटका बसून मागे येतो. गिटारच्या डब्यातून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून, वीज तारांत उतरत असेल तर ती अशी गाणाऱ्याच्या आधी काकांच्या अंगातून जाणार. हल्ली यासाठी चांगले मीटर मिळतात, हे त्यांना शंभर जणांनी सांगून झालं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मीटर मेला तर रडणार कोण? मी मेलो तर निदान वहिनी रडेल."

लोक हसायचे. ज्यांना ठाऊक होतं ते हसायचे नाहीत.

ठाऊक होतं ते असं. काकांचा थोरला भाऊ, त्यांचा दादा, गायचा. गिटार घेऊन गायचा आणि काय गायचा! धाकटा आवाज सांभाळणार आणि थोरला गाणार, अशी त्यांची जोडी होती. बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या सभागृहात, भर दुपारी, आवाज तपासताना दादाने गिटारच्या तारा धरल्या, ओठ माईकला लावले आणि जागच्या जागी कोसळला. स्टेज नुकतंच धुतलेलं होतं. त्याची बायको समोर पहिल्या रांगेत दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. चौघांनी दादाला उचलून गाडीत घातलं, ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि धाकट्या दिराला हाका मारत राहिली, "भाऊजी, चला, अहो भाऊजी, चला ना!" भाऊजी काही गाडीत बसले नाहीत. दवाखाना यायच्या आधीच दादा गेला होता.

भाऊजी का आले नाहीत हे कुणी विचारलं तर वहिनीच सांगायच्या, "त्यांना बघवलं नसतं. भावावर जीव होता हो त्यांचा."

मग चौकशी झाली. सरकारी माणूस आला, त्याने काकांच्या वस्तू उघडून बघितल्या, सगळ्या शाबूत. त्याने सभागृहाच्या वायरिंगवर ठपका ठेवला आणि तिथल्या वायरमनची नोकरी गेली. तो बिचारा पुढच्याच आठवड्यात वहिनींच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, मी सकाळीच सगळं तपासलं होतं, मुलांची शपथ," असं म्हणत होता. वहिनींनी त्याला नाही नाही ते बोलून हाकलला, जाताना त्याच्या मागे तळतळाटही धाडला. काका तेव्हा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत.

त्यानंतर ते उलट्या हाताचं सुरू झालं. लग्न त्यांनी केलं नाही. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायचे, केबलच्या भेंडोळ्यांच्या मधोमध खाट टाकून. पण जेवण रोज वहिनींकडे. वहिनी शिवणकाम करून घर चालवायच्या, काका गळका नळ, बंद पडलेलं शिवणयंत्र, पुतणीची शाळा, पुतणीचा ताप सगळं बघायचे. वहिनींच्या घराची एक किल्ली काकांच्या जुडग्यात कायमची असायची. कामावरून सुटलं की हॉलमधून फोन करायचे आणि पलीकडून तेच चार शब्द यायचे, "या, पानं घेतली आहेत." बावीस वर्षं हे चाललं. पुतणी तर काकांच्या खांद्यावर बसूनच मोठी झाली म्हणा ना.

आणि ती गाऊ लागली! आता चोवीस वर्षांची पोर, बापाचाच गळा, बापासारखीच गिटार. वहिनींनी आधी कडाडून विरोध केला. रडणं झालं, अबोला झाला, एक दिवस पोरगी जेवली नाही. शेवटी वहिनी म्हणाल्या, "गा बाई. पण एक अट आहे. तुझ्या काकांनी हात लावल्याशिवाय तू माईकला हात लावायचा नाहीस. आणि तो हात मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

तेव्हापासून पुतणीच्या प्रत्येक कार्यक्रमाला वहिनी दुपारीच येऊन पहिल्या रांगेत बसायच्या. काका गिटार गळ्यात घालायचे, तारा धरायचे, उलटा हात जाळीला टेकवायचे आणि वहिनींकडे बघून मान हलवायचे. वहिनींचा आवळलेला चेहरा सैल व्हायचा. मग पुतणी पुढे यायची.

सगळं छान चाललं होतं. फक्त गेल्या वर्षापासून तो हात मेला होता.

मेला म्हणजे हलत होता, उचलत होता, पण त्याला काही कळत नव्हतं. काकांना साखरेचा आजार. एक दिवस ते सोल्डरिंगला बसले असताना खोलीत जळका वास आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग खाली बघितलं तर तापलेली सळई त्यांच्याच उजव्या हाताच्या पेरांवर टेकलेली. कातडी जळून गेली होती आणि काकांना पत्ता नव्हता. पुढे तिथे जाड, कोरडा घट्टा पडला. डॉक्टर म्हणाले, नसा गेल्या, परत यायच्या नाहीत, दुसऱ्या हाताचीही तीच वाट आहे. काकांनी फाइल उशीखाली सरकवली आणि वहिनींना सांगितलं की गरम भांडं लागलं.

सांगितलं का नाही, म्हणता? कसं सांगणार! त्या हातावर वहिनींनी मुलगी सोपवली होती. हात गेला म्हटलं की पोरीचं गाणं बंद. काकांनी मग एक युक्ती केली. ज्या मीटरची आयुष्यभर टिंगल केली तोच गुपचूप विकत आणला. वहिनी यायच्या आधी मीटरने सगळं तपासायचं, मीटर पिशवीच्या तळाशी दडवायचा, आणि वहिनी आल्या की मेलेला हात माईकला लावून मान हलवायची. नाटकच सगळं. पण तपासणी खरी होती ना? मग कुणाचं काय बिघडलं? असं ते स्वतःला रोज समजवायचे आणि रोज थोडं कमी पटायचं.

तर त्या दिवशी. शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह, बाराशे खुर्च्या, आणि पोस्टरवर पहिल्यांदाच एकट्या पुतणीचं नाव. तिने नवा डबा आणला होता. नवा म्हणजे तिच्यासाठी नवा, कुणाचा तरी वापरलेला. काकांनी दोन वाजता मीटर लावला. सगळं ठीक. फक्त एक गोष्ट होती. डबा चालू केला की त्यातून बारीक गुणगुण यायची. एकसुरी, न थांबणारी, कानाच्या आत जाऊन बसणारी.

पुतणी तीनला आली. गिटार जोडली, दोन सूर छेडले आणि वैतागली. "काका, ही गुणगुण काढा ना. माझ्या आवाजात कुणीतरी मध्येच नाक खुपसतंय असं वाटतं."

काकांच्या हातातला प्लग खाली पडला. पडला हेही त्यांना आवाजावरून कळलं.

"राहू दे," ते म्हणाले. "लोक आले की ऐकू येत नाही."

"मला येते ना!"

"अगं, जुना डबा आहे. थोडं गुणगुणणारच."

"बाकी सगळे जण दोन मिनिटांत काढतात, काका. तुम्ही एवढे मोठे, तुम्हाला जमत नाही?"

"मला जमत नाही," काका म्हणाले आणि दुसऱ्या माईककडे वळले. पुतणी बघतच राहिली. काकांच्या तोंडून हे वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

आता ती गुणगुण काढायची कशी, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्लगमध्ये तिसरी वायर असते, जमिनीला जाणारी. तिला सगळे अर्थची वायर म्हणतात. डब्यात कुठे वीज गळत असली तर ती वायर तिला गुपचूप जमिनीत नेऊन सोडते, माणसापर्यंत येऊ देत नाही. पण कधी कधी त्याच वायरीतून ती गुणगुण शिरते. ती तोडली की आवाज कसा स्वच्छ, काचेसारखा होतो. आणि डबा निर्दोष असेल तर काहीही होत नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीही होत नाही, म्हणून सगळे तोडतात.

बावीस वर्षांपूर्वी दादानेही गुणगुणीला कंटाळून हाक मारली होती, "अरे, ती गुणगुण काढ की लेका! माझ्या गाण्याला माशा लागल्यासारख्या वाटतात." काकांनी खिशातून पक्कड काढली, प्लग उघडला आणि तिसरी वायर कचकन कापली. गुणगुण थांबली. दादा खूश झाला. "शाब्बास रे!" म्हणाला आणि माईककडे वळला. हे त्याचे शेवटचे शब्द.

आणि वहिनी गाडीतून हाका मारत होत्या तेव्हा भाऊजी स्टेजवर गुडघ्यांवर बसले होते. तोंडाने "दादा, दादा" चाललं होतं आणि हातांनी ते ती कापलेली वायर परत जोडत होते. सरकारी माणसाला सगळं शाबूत मिळालं ते यामुळे. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

चार वाजता काकांना घाम सुटला. साखर उतरली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि गोळी मात्र घेतली होती. ते पुतणीला म्हणाले, "मी खाली जाऊन काहीतरी खाऊन येतो. कशाला हात लावू नकोस." खालच्या कँटीनमध्ये दोन पाव आणि गोड चहा घेतला, हातपाय थरथरायचे थांबले, तरी पाच-दहा मिनिटं बसून राहिले. परत वर आले तेव्हा वहिनी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. साडेचार झाले होते.

"या भाऊजी, तुमचीच वाट बघतोय. खाल्लंत का काही? चेहरा किती उतरलाय."

"खाल्लं, वहिनी."

"चला काका, हात लावा," पुतणी म्हणाली. "मला गळा मोकळा करायचाय." ती हसत होती. काकांना तेव्हा वाटलं, राग गेला वाटतं, बरं झालं.

त्यांनी गिटार गळ्यात घातली. डाव्या मुठीत तारा धरल्या. उजवा हात उलटा करून जाळीला टेकवला. काही नाही. त्या जाड, कोरड्या घट्ट्यातून काही लागणारच नव्हतं. त्यांनी सवयीने वहिनींकडे बघून मान हलवायला सुरुवात केली आणि मान अर्ध्यावर थांबली.

सभागृहात शांतता होती. डब्याचा लाल दिवा चालू होता आणि डबा गप्प होता.

"गुणगुण कुठे गेली?" काकांनी विचारलं.

"गेली एकदाची," पुतणी म्हणाली. "द्या गिटार."

"कशी गेली?"

"गेली म्हणजे गेली. तुम्ही हात लावलात ना आत्ता? काही झालं का? मग द्या की!"

तिने हात पुढे केला. काका एक पाऊल मागे सरले. काय बोलणार होते ते? प्लग बघतो म्हणावं, तर वहिनी विचारणार, हात तर लावून झाला, मग प्लग कशाला? मीटर काढावा, तर मीटर आला कुठून? हाताने होकार दिला होता. तो होकार खोटा आहे हे सांगायचं तर हात मेलाय हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की पोरीचं आजचं गाणं गेलं. बाराशे माणसं दीड तासात येणार होती.

अंगात अजून एक जागा जिवंत होती. ओठ. काकांनी विचार केला तो एवढाच, की ओठाला काही लागलं नाही तर कुणालाच काही सांगायला नको. बावीस वर्षं लपवलेला माणूस आणखी एकदा लपवायला बघतो, त्यात नवल ते काय!

त्यांनी तारा आणखी घट्ट धरल्या, पुढे झाले आणि माईकला ओठ लावले.

फाडकन आवाज झाला. मोठ्या स्पीकरमधून तो आवाज सगळ्या सभागृहात घुमला. काका मागच्या मागे फेकले गेले, गिटारसकट पाठीवर पडले. वहिनी किंचाळल्या. खुर्च्या पुसणारा धावत आला. पुतणी "काका, काका!" करत खाली बसली. काकांचा वरचा ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवरून गळ्यात चाललं होतं, पण डोळे उघडे होते. त्यांनी आधी हाताने खूण केली, मग शब्द आला. "मेन. मेन बंद करा."

कुणीतरी मेन बंद केला. वहिनी पायऱ्या चढून वर आल्या. बावीस वर्षांत त्या स्टेजवर कधी चढल्या नव्हत्या. पदराने काकांचं रक्त पुसता पुसता त्या थांबल्या आणि त्यांनी काकांचा उजवा हात उचलून बघितला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ओठाला एवढा झटका बसला. मग हाताला कसा लागला नाही?"

काका डाव्या हाताने ओठ पुसायला लागले.

वहिनींनी पर्स उघडली. शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये सुई असतेच. त्यांनी काकांच्या पेरात सुई टोचली. मग जरा खोल टोचली. रक्ताचा थेंब आला. काका वहिनींच्या तोंडाकडे बघत होते, हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि वर्षभर तुम्ही हा हात लावून मला मान हलवून दाखवत होतात? माझी पोर त्याच्या भरवशावर माईक धरत होती?"

"मीटरने बघायचो, वहिनी. तुम्ही यायच्या आधी. आजही बघितलं होतं, शपथ घेऊन सांगतो. दोन वाजता ठीक होतं."

"मग नंतर काय झालं?"

पुतणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली, डब्याच्या मागे गेली आणि प्लग घेऊन आली. तिसऱ्या पिनवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नीट, व्यवस्थित, दोन वेढे. "मी लावली," ती म्हणाली. "तुम्ही काढेनात म्हणून. मला वाटलं, तुम्ही हात लावणारच आहात, काही असलं तर कळेलच." आणि मग रडायच्या बेतात असलेलं माणूस चिडतं तशी चिडून म्हणाली, "सगळेच करतात, काका! सगळ्या स्टेजवर करतात!"

"सगळेच करतात," काका म्हणाले. फाटक्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हते. "मीही केलं होतं. दादाच्या डब्याला. त्याने सांगितलं गुणगुण काढ, मी वायर कापली. वहिनी, सभागृहाचं काही चुकलं नव्हतं. त्या वायरमनचं काही चुकलं नव्हतं. मीच."

असं काही झालं की लोक ओरडतात, छाती बडवतात, असं आपल्याला वाटतं. वहिनी ओरडल्या नाहीत. रक्ताने भरलेला पदर तसाच हातात धरून त्या काकांसमोर नीट खाली बसल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जोडली कधी?"

काकांनी डोळे मिटले.

"त्या सरकारी माणसाला वायर जोडलेली मिळाली होती. मी तिथेच उभी होते. मग जोडली कधी तुम्ही?"

"तुम्ही गाडीत होतात तेव्हा."

"मी हाका मारत होते तेव्हा?"

"हो."

वहिनी उठल्या. "आणि मी त्या वायरमनला..." एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रम रद्द होईल असं तुम्हाला वाटलं असेल. पुतणीलाही वाटलं. "आई, घरी जाऊ," ती म्हणाली. वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. "तुझ्या बाबांचं गाणं एकदा बंद पडलं. तुझं नाही पडणार. ती पट्टी काढ."

तो गळका डबा बाजूला गेला, सभागृहाचा आला. मेन चालू झाला. त्यातूनही गुणगुण यायला लागली, थोडी बारीक, पण तीच. वहिनींनी मुलीच्या गळ्यातून गिटार काढून स्वतःच्या गळ्यात घातली. पट्टा त्यांना लांब होत होता. डाव्या मुठीत तारा धरल्या. उजवा हात उचलला, तळवा पुढे करून.

"उलटा हात, वहिनी," काका खालून घाईने म्हणाले. "तळवा नको."

वहिनींनी वळून बघितलं. "मला वहिनी म्हणू नका," त्या म्हणाल्या आणि उलटा हात जाळीला टेकवला. मग दुसऱ्यांदा टेकवला. मग मुलीकडे बघून मान हलवली.

पुतणी गायली. सगळी गाणी गायली, शेवटचं तर लोकांनी दोनदा गायला लावलं. ओठावर कापूस चिकटवून काका मागे मिक्सरवर बसले, कारण आवाज सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या थांबल्या की गुणगुण ऐकू यायची. पहिल्या रांगेतलं पाठमोरं डोकं अडीच तासांत एकदाही मागे वळलं नाही.

सभागृह रिकामं झालं. काका केबल गुंडाळत होते. वहिनी आणि पुतणी दाराकडे निघाल्या आणि वहिनी वाट बदलून त्यांच्याकडे आल्या. काका उभे राहिले. वेडी आशा असते माणसाला. त्यांना वाटलं, आता म्हणतील, चला, पानं घेते.

वहिनींनी तळहात पुढे केला. "किल्ली."

काकांनी खिशातून जुडगा काढला. वहिनींची किल्ली कडीत सगळ्यात आत होती, बावीस वर्षं जुनी. कडी उकलायला नखं लागतात आणि बोटांना कडी कुठे आहे ते कळावं लागतं. काका नख घालायचे, ते निसटायचं. पुन्हा घालायचे, पुन्हा निसटायचं. जुडगा दोनदा खाली पडला. वहिनी हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या. घाई केली नाही, मदतही केली नाही.

शेवटी पुतणीने जुडगा काकांच्या हातातून घेतला, किल्ली काढून आईच्या तळहातावर ठेवली आणि उरलेला जुडगा काकांच्या हातात परत दिला. त्या दोघी गेल्या. काका दाराकडे बघत उभे होते. तिने जुडगा खरंच हातात ठेवलाय की खाली पडलाय, हे बघायला त्यांना मान खाली घालावी लागली.